रंगरुटाच्या हाती कोणता इतिहास?

पलटणीत दाखल होण्याआधी पोराने पलटणीचा इतिहास वाचावा की वाचू नये, हा प्रश्न साहित्यविचाराच्या नियतकालिकात कशाला, असे कुणी विचारील. मला तो इथलाच प्रश्न वाटतो. इतिहास सांगताना काय ठेवले जाते आणि काय गाळले जाते, कुणाच्या तोंडी कोणती भाषा घातली जाते, हा समीक्षेचाच विषय आहे. शिवाय आमच्यातल्या पहिल्या लिहित्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या हाती लेखणी आली ती गावच्या शाळेत नव्हे, लष्करी छावणीत. पलटण हा आमच्या वाङ्मयाचा एक उगम आहे. तो आम्हीच बुजू दिला आहे.

निमित्त घरचेच घडले. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू अग्निवीर म्हणून निवडला गेला आणि महार रेजिमेंटच्या सागरच्या केंद्रात प्रशिक्षणाला जायचे त्याचे ठरले. जायच्या आधी आठवडाभर तो माझ्याकडे येऊन राहिला. हातात एक पातळ कागदाचे पुस्तक होते, भरतीच्या क्लासबाहेर मिळते तसले. म्हणाला, ‘‘आजोबा, तिथं उस्ताद रेजिमेंटचा इतिहास विचारतात म्हणे. हे पाठ केलं तर चालेल का?’’

ते पुस्तक मी रात्री वाचून काढले. कदम-ताल, दौड, छाती किती इंच, आणि शेवटी ‘गौरवशाली इतिहास’ म्हणून चार पाने. १८१८ साली पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई एका दिवसात बुडवली. पुढच्याच ओळीत १९४१ साली रेजिमेंटची स्थापना. मग बोधवाक्य ‘यश सिद्धी’, युद्धघोष ‘बोलो हिंदुस्तान की जय’, पदकांची यादी, दोन सेनाप्रमुखांची नावे. संपला इतिहास.

या चार पानांवर माझे दोन आक्षेप आहेत. जे सांगितले ते फुगवून सांगितले, हा पहिला. दुसरा त्याहून गंभीर आहे. १८१८ आणि १९४१ या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत सव्वाशे वर्षे गडप झाली आहेत. आमचा खरा लष्करी इतिहास त्या कोऱ्या जागेत आहे.

आधी कोरेगाव घेऊ. कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाली. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशे-तीनशे स्वार, आणि दोन तोफांबरोबर मद्रास तोफखान्याचे मूठभर गोरे. सगळे मिळून आठशेच्या आसपास. रात्रभर चालून सकाळी ही माणसे भीमेच्या काठी पोचली तेव्हा पलीकडे बाजीरावाची फौज दिसली. ती अठ्ठावीस हजारांची असल्याचे सांगतात. पण प्रत्यक्ष गावात शिरून लढले ते तिच्यातले दोनेक हजार, अरब, गोसावी वगैरे. दिवसभर अन्नपाण्याविना गल्लीबोळांतून झुंज झाली. कंपनीकडचे पावणेतीनशेच्या घरात मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांचा मारा थांबला आणि त्यांची फौज पुढे निघून गेली. स्टॉन्टन पुण्याला न जाता परत शिरूरला वळला. पुणे तर त्याआधीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. आणि बाजीराव शरण आला तो जून १८१८ मध्ये. त्या एका दिवसात पेशवाई बुडाली नाही. स्टॉन्टनच्या पलटणीत महारांखेरीज मराठे, मुसलमान आणि इतरही होते. तिकडे पेशव्यांच्या किल्ल्यांवर पहारा देणाऱ्यांतही आमची माणसे होतीच. गडाच्या मेटावरचा महार ही शिवकाळापासूनची गोष्ट आहे.

हे सगळे मी पोराला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे खोटं आहे का हे, आजोबा?’’

खोटे नाही. तिथल्या स्तंभावर मेलेल्या एकोणपन्नास जणांची नावे आहेत आणि त्यांतली बावीस ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ज्या माणसांच्या सावलीची अडचण होती, ज्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असल्याचे बाबासाहेबांनी लिहून ठेवले, त्यांची नावे त्याच मुलखात, त्याच पिढीत दगडावर कोरली गेली. कंपनीने ती आपल्या विजयाची आठवण म्हणून कोरली, आमच्या प्रेमापोटी नव्हे. पण दगड बसवणाऱ्याचा हेतू आणि दगड वाचणाऱ्याचा अर्थ एकच असला पाहिजे असे कुठे आहे? १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहिले तेव्हा त्या दगडाचा वाचक बदलला. कंपनीची स्मरणशिला आमच्या माणुसकीच्या दाव्याचा कागद झाली. आनंद तेलतुंबडे यांनी जानेवारी २०१८ मध्ये असे मांडले की, महार शिपाई पेशवाईच्या जातिजुलमाविरुद्ध सूड म्हणून लढले ही एक दंतकथा आहे. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराची जखम तेव्हा ताजी होती आणि पुष्कळांना ते बोलणे झोंबले. मला विचाराल तर १८१८ च्या शिपायाच्या मनापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तो पगारी शिपाई होता; जातिअंताचा जाहीरनामा त्याच्या खिशात नव्हता. पण ते १९२७ ला लागू पडत नाही. त्या दिवशी घडले ते दंतकथा रचणे नव्हते, वाचन होते. आकडे फुगवणारा आणि सगळेच मोडीत काढणारा, दोघेही या वाचनाकडे पाठ फिरवतात.

बाबासाहेबांनी स्वतः ही गोष्ट कशी वापरली ते पाहा. ‘अस्पृश्य आणि ब्रिटिश शांतता’ या अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा इंग्रजी लेख त्यांच्या हयातीत छापला गेला नव्हता. पुढे राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनात तो आला. प्लासीला क्लाइव्हकडून लढले ते दुसाध आणि कोरेगावला लढले ते महार. इंग्रजांनी हा देश जिंकला तो अस्पृश्यांच्या जोरावर, असे ते तिथे मांडतात. पण त्या लेखाचा सूर पोवाड्याचा नाही. तो हिशेबाच्या वहीचा आहे. आम्ही हे दिले. तुम्ही काय दिलेत? सैन्याची दारे बंद केलीत. कोरेगाव तिथे येते ते येणे बाकी म्हणून. भरतीच्या पुस्तकातली चार पाने आणि हा लेख यांच्यात हाच फरक आहे. एक छाती फुगवायला सांगतो, दुसरा वसुलीला निघतो.

आता ती कोरी जागा. मुंबईच्या फौजेत महारांना ‘परवारी’ म्हणत आणि एकोणिसाव्या शतकात ते शेकड्याने भरती होत. सुभेदार, सुभेदार-मेजरपर्यंत चढत. छावणीत शाळा असे. शिपायाने आणि त्याच्या मुलाबाळांनी शिकायचे, हा नियम असे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आजोळचे मुरबाडकर घराणेही सुभेदार-मेजरांचे. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत मूल जन्मले आणि त्यानंतर वर्षभरातच, १८९२ च्या सुमारास, त्या मुलाच्या जातीची भरती बंद झाली. मी पोराला म्हटले, या दोन तारखा शेजारी शेजारी लिही.

भरती का बंद झाली? शौर्य आटले म्हणून नव्हे. १८८५ ते १८९३ पर्यंत लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि ‘लढाऊ जातीं’चे शास्त्र त्याच्या काळात फौजेचे धोरण झाले. उत्तरेकडचे, डोंगरातले, उंच आणि गोरे ते लढाऊ. दक्षिणेकडचे आणि खालचे ते बिनलढाऊ. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्या. मग अस्पृश्य सुभेदाराला वरच्या जातीच्या शिपायाने सलाम ठोकायचा, ही गैरसोय कशाला ठेवा? पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला गावकुसाबाहेर ठेवायला इथे मनू होता. आता छावणीबाहेर ठेवायला विलायतेहून दुसरा आला. पहिल्याच्या हाती स्मृती होती, दुसऱ्याच्या हाती मोजपट्टी.

या बंदीने जे लेखन जन्माला घातले ते आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात अजून नीट वाचले गेलेले नाही. गोपाळबाबा वलंगकर हवालदार होते. १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीला राहिले, ‘दीनबंधू’त लिहू लागले, १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ काढले. १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध त्यांनी अर्ज तयार केला. अर्जाचा मुख्य आधार असा : आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळ-दुर्दैवाने खाली ढकलले गेलो, तेव्हा आमचे शस्त्र आम्हाला परत द्या. सोळा वर्षांनी, १९१० मध्ये, शिवराम जानबा कांबळे भारतमंत्र्यांकडे अर्ज करतात. त्याआधी १९०३ मध्ये सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवून त्यांनी मुंबई सरकारकडे दाद मागितलेली होती. त्यांची मागणी साधी आहे : सरकारी खात्यांतल्या खालच्या जागा, पोलिसातली शिपाईगिरी, आणि फौज. पण आधार बदलला आहे. क्षत्रिय वंशाचा दाखला मागे पडतो. आम्ही माणसे आहोत, राज्याची प्रजा आहोत, सेवा केलेली आहे, संधी मिळाली तर पात्रता दाखवू, हे पुढे येते.

या दोन अर्जांच्या मधल्या सोळा वर्षांत मला एक मोठे स्थित्यंतर दिसते. वलंगकरांना माणुसकीचा हक्क मागण्यासाठी वरच्याच व्यवस्थेतला एक वर्ण उसना घ्यावा लागला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लढाऊ जातीच हव्यात म्हणणाऱ्या सरकारशी ते त्याच्याच भाषेत बोलत होते. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारा माणूस वर्णव्यवस्थेचा भक्त खास नव्हता. कांबळ्यांनी ती उसनवारी टाकली. आजचा मुलगा सागरला जाताना या दोहोंपैकी कोणती भाषा घेऊन जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ‘रक्तातच लढाऊपणा आहे’ हे वाक्य त्या पातळ पुस्तकात तीनदा आले आहे. हे रॉबर्ट्सचेच वाक्य. त्याने आम्हाला यादीतून खोडले, आम्ही स्वतःला यादीत घातले, यादी मात्र तशीच राहिली. रक्तात लढाऊपणा असेल तर १८९२ ला सरकारचे म्हणणेही बरोबर असू शकले असते. फक्त रक्ताच्या तपासणीत चूक झाली एवढेच आमचे म्हणणे उरते. हा युक्तिवाद आपण का पत्करावा? शिपाई शिकवणुकीने घडतो. नाहीतर रंगरुटाला महिनोन्‌महिने मैदानावर घासायचे कारणच काय?

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल, कारण तो एका म्हणीत बसतो : गरज सरो, वैद्य मरो. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे कमी पडली. बाबासाहेब जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने नेमलेल्या संरक्षणविषयक मंडळावर गेले, भरतीचा आग्रह त्यांनी धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ही टिकली. १९४६ मध्ये ती मशीनगनची रेजिमेंट झाली आणि फाळणीच्या दंगलीत निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देण्याचे काम तिच्याकडे आले. चामार रेजिमेंट मात्र टिकली नाही. मार्च १९४३ मध्ये उभारली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढवली आणि १९४६ मध्ये मोडून टाकली. तिचे केंद्र नाही, बिल्ला नाही, स्थापना दिवस नाही, म्हणून तिचा इतिहास विचारणारा उस्तादही नाही. ज्यांची परंपरा मोडून टाकली त्यांचे शौर्य कोणत्या पानावर लिहायचे? आपल्या पोराला महारांचा इतिहास शिकवताना हे पानही त्याच्या वहीत असायला हवे, नाहीतर आपणही आपल्यापुरती ‘लढाऊ जात’ होऊन बसू.

माझे वडील १९४३ मध्ये भरती झाले होते. घरी ते युद्धाबद्दल काही बोलत नसत. निवृत्तीनंतर गावी परतले तेव्हा चावडीवर त्यांना पुन्हा खालीच बसायला सांगितले गेले. ते उभे राहिले, बसले नाहीत, एवढी एकच ‘लढाई’ ते सांगत. त्यांच्या पेटीत रेजिमेंटचा जुना बिल्ला सापडला. तिपाईवर आडव्या-उभ्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि मधोमध कोरेगावचा स्तंभ. आजच्या बिल्ल्यावर स्तंभाच्या जागी खंजीर आहे. स्वतंत्र देशाच्या फौजेने कंपनीचा विजयस्तंभ डोक्यावर का मिरवावा, हा विचार समजण्यासारखा आहे. पण भरतीच्या पुस्तकात या बदलाचा उल्लेखही नाही. पोराने बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘‘मग आम्ही १ जानेवारीला जातो ते, आणि टोपीवर आता नाही ते, यातलं खरं कोणतं?’’ मी त्याला सरळ उत्तर देऊ शकलो नाही. दोन्ही खरे आहे, असे काहीतरी पुटपुटलो.

नावाचाही असाच पेच आहे. १९५६ मध्ये नागपूरला आम्ही ते नाव खाली ठेवले. रेजिमेंटने ठेवले नाही. बौद्ध घरातला मुलगा गावात ते नाव ऐकून उसळतो आणि सागरला खांद्यावर लावून अभिमानाने चालतो. त्याच्या शेजारी त्याच रांगेत आता देशाच्या कानाकोपऱ्यातल्या अनेक जातींचे जवान आहेत आणि त्यांच्याही खांद्यावर ‘महार’च आहे. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला लढताना पडलेले आणि परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन सेनाप्रमुख याच रेजिमेंटचे. दूरच्या गावातला उच्चवर्णीय पोरगा आईला पत्रात ‘मी महार आहे’ असे लिहीत असेल, ही कल्पना मला गमतीची वाटते. मनूला हे दृश्य दाखवायला हवे होते. तरीही जातीच्या नावाने पलटण असावी का, याबद्दल माझे मन अजून निश्चित झालेले नाही, आणि ते निश्चित झाल्याचा आव मी इथे आणणार नाही.

आपल्या साहित्याकडेही बोट दाखवले पाहिजे. आपल्या आत्मकथनांत येसकर आला, पोतराज आला, गिरणीतला आणि खाणीतला मजूर आला. पलटणीतला माणूस आपल्या तोंडाने बोलताना माझ्या वाचनात फारसा आला नाही. तो येतो तो कुणाचे तरी वडील किंवा आजोबा म्हणून, भिंतीवरच्या फोटोत. छावणीतली शाळा, पेन्शनरांची दापोली, अर्जांचे मसुदे, हे सारे चरित्रांच्या पहिल्या प्रकरणापुरते उरले. फिलिप कॉन्स्टेबल या इंग्रज अभ्यासकाने २००१ मध्ये या बहिष्कृत लष्करी परंपरेवर सविस्तर निबंध लिहिला. आपल्याकडे मराठीत त्या अर्जांच्या शैलीवर, युक्तिवादावर कोण लिहिणार? ती जागा आपण मोकळी सोडली म्हणूनच पातळ कागदाच्या पुस्तकाला तिथे चार पाने मिळाली.

आणि पोराच्या बाबतीत हे सगळे निकडीचे आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार तो चार वर्षांसाठी चालला आहे. त्याच्या तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतील. परंपरा म्हणजे पिढ्यांचे काम. चार वर्षांच्या माणसाला ती किती लागेल कोण जाणे. पण तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात केस जातात, घरचे कपडे जातात, नावाच्या जागी नंबर येतो. अशा वेळी जी गोष्ट सांगितली जाईल ती पोरगा तहानेल्यासारखा पिऊन टाकतो. ती वाईट असते असे मी म्हणत नाही. पलटणीला पलटणीची गोष्ट लागतेच, तिच्याविना माणूस गोळीसमोर उभा राहत नाही. मात्र ती एकटीच गोष्ट त्याच्याकडे असू नये. १९२१ ला पलटण मोडल्यावर जे घरी परतले त्यांच्याकडे काय होते, हे त्याला ठाऊक असावे, कारण त्याचीही चार वर्षे संपणार आहेत.

आम्ही आठ दिवसांत एक शंभर पानी वही भरली. डाव्या बाजूला त्याने पुस्तकातले उतरवले : युद्धघोष, बोधवाक्य, पदके. उजव्या बाजूला मी सांगितलेले : १८८८, १८९२, १८९४, १९०३, १९१०, १९१७, १९२१, १९४३, १९४६. जायच्या आदल्या रात्री तो म्हणाला, ‘‘उजवीकडचं कुणी विचारणार नाही, आजोबा.’’

‘‘नाही विचारणार.’’

‘‘मग डावीकडचं आधी पाठ करतो. उजवीकडचं गाडीत.’’

बिल्ला त्याला बरोबर हवा होता. मी दिला नाही. पेटीतून हरवला तर पुन्हा मिळायचा नाही. कसम परेडला येताना घेऊन या, असे त्याने मला बजावले आहे.